राष्ट्रपतींची निवडणूक वर्गात घ्या: नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र राज्यातल्या हायस्कूलांमध्ये इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, आणि मुख्याध्यापकांनी व पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या मंडळींनीही ते वाचावं अशी मनापासून इच्छा आहे. मी शिक्षिका नाही, घरी आठवी-नववीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि माझी स्वतःची मुलगी २०२७ च्या जूनमध्ये आठवीत जाईल, तेव्हा पालक म्हणूनच लिहितेय असं समजा.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंची मुदत २४ जुलै २०२७ ला संपतेय. त्याआधी नवीन निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे असं घटनेत आहे. मागच्या वेळी १८ जुलै २०२२ ला मतदान झालं, २१ ला मोजणी आणि २५ ला शपथविधी. म्हणजे पुढच्या वेळीही सगळं याच सुमारास होणार आणि आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा, तरी अर्ज भरण्यापासून शपथेपर्यंतची बरीचशी निवडणूक शाळा भरलेली असतानाच होणार, परीक्षा नाहीत, गॅदरिंग नाही, पोर्शनचं टेन्शन नाही. पाच वर्षांतून एकदा येणारा हा महिना तुम्ही वाया जाऊ देऊ नका, एवढंच मागणं आहे. माझ्या मुलीच्या आयुष्यात शाळेत असताना ही निवडणूक पुन्हा येणार नाही, पुढची येईल तेव्हा ती स्वतः मतदार झालेली असेल.

आता शाळांत मतदानाचं काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. निवडणूक जवळ आली की वरून पत्र येतं, मग प्रभातफेरी, घोषणा, रांगोळी, निबंध स्पर्धा, २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनाची शपथ, आणि ते संकल्पपत्र, जे पोरांनी घरी न्यायचं, आईवडिलांची सही आणायची आणि परत जमा करायचं. पोरं सगळं करतात बिचारी, उन्हात फिरतात, जोरजोरात ओरडतात. पण माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांना मी सहज विचारलं की अरे तुमच्या फेरीत एवढं ओरडलात, मग राष्ट्रपतींना कोण मत देतं सांगा बरं, तर निम्म्यांनी सांगितलं "आपण सगळे", एकजण म्हणाला "मोदी ठरवतात", आणि एका मुलीला अमेरिकेचं २७० च्या आकड्यासकट सगळं पाठ होतं, ५३८ पैकी २७० लागतात, कुठली राज्यं फिरतात, सगळं रील बघून. तिला अमेरिकेचं येतंय याचं मला कौतुकच वाटलं. पण आपल्याकडे निवडून आलेले खासदार आणि आमदार राष्ट्रपती निवडतात, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही.

मला यातली खटकणारी गोष्ट ही आहे की शाळेतलं बहुतेक मतदार-शिक्षण हे पोरांसाठी नसतंच, ते आईवडिलांसाठी असतं. पोरगं फक्त निरोप्या. टक्केवारी वाढवायचीये तर पोराच्या हातात कागद द्या, तो घरी जाऊन आईला गळ घालेल. हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, पण एकदा पोरांना निरोप्या बनवायची सवय लागली की मग ती सवय कोणीही वापरतं. २०२४ च्या फेब्रुवारीत हिंगोली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत एका आमदारांनी पोरांना सांगितलं होतं की तुमचे आईबाप मला मत देणार नसतील तर दोन दिवस जेवू नका. निवडणूक आयोगाने त्याच्या काहीच दिवस आधी बजावलं होतं की प्रचारात लहान मुलं वापरायची नाहीत. ती बातमी वाचून माझ्या पोटात गोळा आला होता आणि त्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकांची काय अवस्था झाली असेल हेही मनात आलं. म्हणून म्हणते की पोरांकडे आधी शिकणारं पोर म्हणूनच बघा. मतदान म्हणजे काय, ते मोजतात कसं, हरलेल्याच्या मतांचं काय होतं, एकाचं मत जास्त आणि दुसऱ्याचं कमी असं असू शकतं का, हे प्रश्न तेरा-चौदा वर्षांच्या पोराला पडतात आणि त्याला ते झेपतात.

तुम्ही म्हणाल, निवडणूक वर्गात शिकवायला गेलं की भानगड होते. खरंय. ग्रामपंचायत घ्या, अर्ध्या वर्गाचे काका-मामा पॅनलमध्ये असतात. विधानसभा घ्या, कुठल्या पक्षाचं नाव आधी घेतलं यावरून दुसऱ्या दिवशी पालक दारात. तुमची स्वतःची इलेक्शन ड्युटी असते, कोणी बीएलओ म्हणजे मतदारयादीचं काम बघणारं असतं, कोणाला केंद्राध्यक्ष म्हणून जायचं असतं, आचारसंहितेत तोंडातून एक शब्द इकडचा तिकडे गेला की नोटीस. मग तुम्ही धडा वाचून दाखवता, प्रश्नोत्तरं लिहून देता आणि पुढे जाता, यात तुमचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही.

पण राष्ट्रपतींच्या निवडणुकीत यातलं काहीच नाहीये, जरा विचार करून बघा. गावात सभा नाही, भोंगे नाहीत, घरोघर स्लिपा वाटणं नाही. वर्गातल्या जवळजवळ कोणाच्याच आईवडिलांना त्यात मत नाही, त्यामुळे कोणाच्या घरी काय चालतं हा प्रश्नच येत नाही. पक्ष व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेशसुद्धा काढू शकत नाही, म्हणजे कागदावर तरी प्रत्येक खासदार-आमदार स्वतःच्या मनाने मत देतो. २००७ मध्ये शिवसेना एनडीएत असूनही तिने समोरच्या, काँग्रेस आघाडीच्या उमेदवार प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला होता, आणि प्रतिभाताई आपल्या जळगावच्या, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती, ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ मतमूल्याने निवडून आल्या (इथे प्रत्येक मताला ठरावीक वजन असतं, ते कसं काढतात हे पुढे सांगते). निवडणुकीचं सगळं यंत्र उघडून दाखवायचं आणि त्यात भांडणही होऊ द्यायचं नाही, तर यापेक्षा सोयीची निवडणूक आपल्या देशात दुसरी नाही.

आणि सर, मॅडम, ही पद्धत तुमच्या हातची आहे! विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात तुम्ही मत देता तेव्हा काय करता, तो जांभळा स्केचपेन घेता आणि नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकता. राष्ट्रपतींची मतपत्रिका तशीच असते, पेनही आयोगानेच दिलेला जांभळ्या शाईचा, दुसऱ्या पेनाने लिहिलं तर मत बाद. पहिली पसंती टाकणं सक्तीचं, पुढच्या आपल्या मर्जीवर. पोरांना हे सांगताना तुम्ही पुस्तकातलं सांगणार नाही, स्वतः केलेलं सांगणार आहात. वर एक गोष्ट अशी की तुम्ही निवडून दिलेले ते शिक्षक आमदार, राज्यात असे सात आहेत, त्यांना राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत नाही, कारण फक्त विधानसभेचे निवडून आलेले आमदार मत देतात, परिषदेचे नाही. राज्यसभेचे राष्ट्रपतींनी नेमलेले बारा सदस्यही देत नाहीत. "का नाही" हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि गप्प बसा, पोरं स्वतः वाद घालतील.

आता गणिताकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त आनंद यात मिळतो. आमदाराच्या मताचं मूल्य कसं काढतात? राज्याची लोकसंख्या घ्यायची, विधानसभेच्या जागांनी भागायचं, आलेल्या आकड्याला हजाराने भागायचं. महाराष्ट्राची ५,०४,१२,२३५ भागिले २८८, मग भागिले १०००, उत्तर १७५. पोरं लगेच ओरडतात की मॅडम लोकसंख्या चुकली, आपण पाच कोटी कुठे, अकरा-बारा कोटी आहोत. नाही चुकली, हा आकडा १९७१ च्या जनगणनेचा आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून तो आकडा तिथेच थांबवलाय आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तोच धरायचा असं घटनेत लिहिलंय. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८, तमिळनाडूचं १७६, गोव्याचं २०, सिक्कीमचं ७. या एका भागाकारात लोकसंख्या आली, संघराज्य आलं, उत्तर-दक्षिणचा वाद आला. खासदाराचं मूल्य काढायला सगळ्या आमदारांच्या मूल्याची बेरीज घ्यायची आणि निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचं, २०२२ मध्ये ते ५,४३,२३१ भागिले ७७६ म्हणजे ७०० आलं. मग ७०० गुणिले ७७६ करून दोन्ही बेरजा शेजारी ठेवा, ५,४३,२०० आणि ५,४३,२३१. केंद्र आणि राज्यं जवळजवळ समसमान. माझ्याकडची एक मुलगी ही बेरीज स्वतः करून माझ्याकडे बघतच राहिली, म्हणाली हे मुद्दाम असं केलंय का. हो बाळा, मुद्दाम केलंय.

मी हे शिकवणीच्या पोरांना घेऊन मे महिन्यात करून बघितलं. माणसं उभी करायची नाहीत हे आधीच ठरवलं, उगाच कोणीतरी कोणाच्या तरी पक्षाचं निघतं, म्हणून उमेदवार होते आंबे. हापूस, केशर आणि पायरी, प्रत्येकाचा एक प्रचारक, दोन-दोन मिनिटं भाषण. राज्यांच्या चिठ्ठ्या टोपलीतून उचलल्या. उत्तर प्रदेश २०८, महाराष्ट्र १७५, बिहार १७३, केरळ १५२, गुजरात १४७, गोवा २०, सिक्कीम ७. एकूण ८८२, निम्म्यापेक्षा एक जास्त म्हणजे ४४२ लागणार. सिक्कीम आलेला पोरगा रडायच्या बेतात, "माझं मत फक्त सात? मग मी देऊ तरी कशाला?" मी म्हटलं थांब जरा.

पहिली मोजणी. हापूसला उत्तर प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा, मिळून ४०३. केशरला बिहार आणि गुजरात, ३२०. पायरीला केरळ आणि सिक्कीम, १५९. हापूसवाले नाचायलाच लागले, कारण सगळ्यात पुढे तेच. पण ४४२ कुठे झालेत? नाही झालेत. मग सगळ्यात मागे असलेली पायरी बाद आणि तिच्या चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती बघायची. केरळच्या चिठ्ठीवर दुसरं नाव केशर, १५२ तिकडे गेले. सिक्कीमच्या चिठ्ठीवर दुसरं हापूस, ७ तिकडे. हापूस ४१०, केशर ४७२, केशर निवडून आला. जो आरडाओरडा झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. "हे चिटिंग आहे, पहिला हापूस होता!" आणि मग त्यांचं त्यांनाच उलगडत गेलं की पुढे असणं वेगळं आणि निम्म्याहून जास्त जणांना चालणं वेगळं. अर्धा तास हाच विषय. सिक्कीमवाल्याने मग विचारलं की मॅडम, केरळच्या जागी माझ्यासारखे वीस-पंचवीस सिक्कीम असते तर? त्याने वहीत गुणाकार करून बघितला. हा प्रश्न त्याला मी दिला नव्हता.

एक अडचण सांगून ठेवते, एका राज्याची एकच चिठ्ठी असेल तर आकड्यावरून कोणी कोणाला दिलं ते कळतं, मत गुप्त राहत नाही. तुमच्या वर्गात चाळीस-पन्नास पोरं असतात, प्रत्येक राज्याला चार-पाच आमदार द्या म्हणजे प्रश्न मिटला. आणि चिठ्ठी लिहायला खरंच एका कोपऱ्यात पडदा लावा, बेंच उलटा केला तरी चालेल, पण मान वळवून कोणी बघू शकणार नाही असं करा. आपल्याकडे मॉनिटरसुद्धा हात वर करून निवडतात किंवा पहिल्या नंबरचा म्हणून सर नेमून टाकतात, बऱ्याच शाळांत शालेय मंत्रिमंडळाचंही तेच होतं. मैत्रिणीच्या समोर तिच्याविरुद्ध हात वर करता येत नाही कोणाला, आणि गुप्त मतदान का असतं ते पोराला तिथेच कळू शकतं.

गोष्टी तर इतक्या आहेत की तासाला मरण नाही. खासदारांची मतपत्रिका हिरवी आणि आमदारांची गुलाबी. उमेदवाराला पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात, अनामत १५,००० रुपये. १९७७ मध्ये सदतीस जणांनी अर्ज भरले, छत्तीस बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध आले. २०२२ मध्ये राज्यांतून मतपेट्या दिल्लीला विमानाने गेल्या तेव्हा पेटीसाठी शेजारची सीट बुक केलेली होती, तिकिटावर प्रवाशाचं नाव "मिस्टर बॅलट बॉक्स". हे ऐकून पोरं हसतात आणि मग विचारतात की पेटीला सीट कशाला, तिथून तुम्हाला निवडणुकीतल्या विश्वासाबद्दल बोलता येतं. त्याच निवडणुकीत ५३ मतं बाद झाली, त्यातली १५ खासदारांची. कायदे करणाऱ्या माणसांचीही मतं बाद होतात म्हटल्यावर मतपत्रिका नीट भरायला शिकणं किती गरजेचं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण यातली एकच गोष्ट निवडायची झाली तर १९६९ ची निवडा, कारण तिच्यात आपला माणूस आहे. झाकीर हुसेन पदावर असतानाच मे महिन्यात वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, समोर अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी स्वतःच्याच पक्षाच्या लोकांना विवेकबुद्धीने मत द्या म्हणून सांगितलेलं. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी हवे होते ४,१८,१६९. कोणालाच मिळाले नाहीत. मग दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली आणि शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. रेड्डींना खालून केवढी उडी मिळाली बघा, आणि ती बहुतेक चिंतामणरावांच्या मतांतून आली, तरी थोडक्यात हुकलं. आजवर राष्ट्रपतींच्या निवडणुकीत दुसरी पसंती मोजूनच निकाल लागला तो हा एकदाच. आंब्यांची मोजणी केलेल्या पोरांना हे आकडे फळ्यावर दिले की ती पुढचं स्वतःच सांगतात, मी अनुभवलंय. रायगड जिल्ह्यातल्या शाळांनी तर ही निवडणूक नाते गावी जाऊन शिकवावी.

कोणीतरी म्हणेल की राष्ट्रपती नुसतं शोभेचं पद, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला. पोरंही म्हणतात. त्यांना २०१९ चा नोव्हेंबर सांगा. १२ तारखेला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली आणि २३ तारखेला पहाटे पावणेसहाच्या सुमारास उठली, दोन्ही कागदांवर सही राष्ट्रपतींचीच. ते बरोबर की चूक यात तुम्ही पडू नका, पोरांना घरी जाऊन चर्चा करू द्या, पण ज्या सहीने आपल्या राज्यात एवढं घडतं ती सही करणारा माणूस निवडला कसा जातो हे आठवीच्या पोराला माहीत असायलाच पाहिजे की नाही?

पाठ्यपुस्तकाच्या मंडळींना एक विनंती. आठवीच्या नागरिकशास्त्रात संसद आणि केंद्रीय कार्यकारी मंडळाचे धडे आहेत, पण नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाचं शेपूट, आणि शेवटी राहिलं की एका तासात उरकलं असं होतं. नवीन अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने येतायत, तर आठवीच्या पुस्तकात राज्यवार मतमूल्याचा एक तक्ता आणि मतपत्रिकेचा एक कोरा नमुना छापा. झेरॉक्सचा खर्च शिक्षकाच्या खिशातून जातो हो. आणि २०२७ पुरतं तरी शाळांना एका ओळीचं पत्र पाठवा की हा धडा जूनमध्ये घेतला तरी चालेल, क्रम मोडला म्हणून कोणी तपासणीत बोलणार नाही. गणिताच्या शिक्षकांनाही यात घ्या, भागाकार आणि टक्केवारीला याच्याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

सर, मॅडम, तुमच्याकडे वेळ कमी आहे, कामं शंभर आहेत, हे मी आजूबाजूच्या शिक्षकांकडे बघून जाणते. म्हणून जास्त मागत नाही. जूनच्या शेवटी दोन तास जोडून घ्या, एकात भागाकार आणि राज्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात मतदान आणि मोजणी. खऱ्या मोजणीच्या दिवशी मोबाइलवर आकडे येतील तेव्हा ते फळ्यावर लिहा आणि पोरांना बेरीज करू द्या. २०२२ चे करून बघायचे असतील तर मुर्मूंना खासदारांची ५४० मतं होती, गुणिले ७००, त्यात आमदारांचं २,९८,८०३ मिळवलं की ६,७६,८०३ येतं. तक्ता करताना २०२२ चे आकडे जसेच्या तसे उतरवू नका, तेव्हा जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती आणि आता आहे, त्यामुळे खासदाराचं मूल्यही बदलू शकतं, आयोगाचा नवीन तक्ता आला की तोच घ्या. आणि चिठ्ठ्या वाटताना सिक्कीम एखाद्या बोलक्या, हट्टी पोराच्या हातात जाईल असं बघा, वर्गातले निम्मे प्रश्न तोच विचारेल.

आपली नम्र,
एक पालक